मागची बाजू

तिच्या डोक्याचा घेर साडेएकवीस इंच.
हे मला अजून पाठ आहे.
स्वतःच्या लग्नाचं साल मात्र
बोटांवर मोजून काढावं लागतं.

म्हापशाला, बाजारामागच्या गल्लीत
मेश्त कायतानचं दुकान.
तिथे नवरीचे पांढरे झगे शिवत,
आणि काउंटरच्या टोकाला, भिंतीला टेकून, ती.
संगमरवरी, छातीपर्यंतच.
वय अठरा, फार तर एकोणीस.
समुद्रापलीकडची कुठलीशी राणी.
राज्य गेल्यावर कामराच्या लिलावात
तीन खुर्च्या, एक बंद घड्याळ आणि ही,
सगळं मिळून चाळीस रुपयांना.
नावाची पितळी पट्टी आधीच कुणी नेलेली,
स्क्रूंची चार भोकं तेवढी शिल्लक.

"खंयची राणी ही?" मी पहिल्या दिवशी विचारलं.
मेश्त तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाला,
"आमची. कामाक लागल्या."

तर ती कामाला होती.
शिवोलीच्या आवेलिनाची जाळी तिच्या डोक्यावर,
ती उतरली की हळदोण्याच्या फिलूची.
(मेश्त वेव म्हणायचा. मी जाळीच म्हणत राहिले.)
दगडात टाचणी जात नाही,
म्हणून कपाळाशी मेणाने चिकटवायची
आणि एकेक मणी ओवत जायचं.
नाताळ उलटला की
आठवड्याला चार-चार लग्नं तिची.

मुली यायच्या, आरशापुढे उभ्या राहायच्या,
लाजायच्या, एखादी रडायचीसुद्धा:
नवरा मस्कतला, फोटोतच पाहिलेला.
ही तशीच.
ओठ किंचित उघडे,
अर्ध्या वाक्यातून कुणी हाक मारून उठवल्यासारखे.
डोळ्यांना बुबुळं नाहीत.
ज्याने घडवली त्याने गळ्याशी लेस कोरलेली,
दगडाची, भोकाभोकांची.
पोटासाठी लेस लावणाऱ्या मला
डाव्या खांद्याजवळ त्यातला एक टाका चुकलेला दिसला.
मी कुणाला सांगितलं नाही.

मे महिन्यात मेश्त जेवायला गेला
की मी गाल तिच्या गालाला लावायचे.
माया वगैरे नव्हती. गार असायची.

अशाच एका दुपारी, घरंगळलेला मणी शोधायला,
तिला भिंतीपासून सरकवली.
मागे काही नव्हतं.
म्हणजे अंबाडा अर्धा, मान अर्धी,
आणि पाठीच्या जागी पोकळी,
छिन्नीचे घाव उघडे पडलेले
आमच्या मुळगावच्या खाणीसारखे.
ही भिंतीलाच उभी राहणार,
मागून कोण बघतंय,
असं ठरवून कुणीतरी हात थांबवला होता.

मी कितीतरी वेळ बघत राहिले.
मग मांडीवरची जाळी उलटी केली.
गाठी. सुटलेले दोरे.
रक्ताचा एक बारीक ठिपका, आदल्या आठवड्यातला.

त्यानंतर माझं सामान त्या पोकळीत:
मेणाचा तुकडा, सुया, कागदात गुंडाळलेला अर्धा उंडा.
माझं लग्न ठरलं तेव्हा मुंडावळ्याही चार दिवस तिथेच,
घरी धाकट्याच्या हाती लागू नयेत म्हणून.
तिला बांधून बघितल्या का?
बघितल्या. एकदाच.
शोभल्या नाहीत. नाक फार सरळ.
शिवाय गाल फुगवून हसायला लागतं,
ते तिला कुणी शिकवलं नसावं.

मेश्त गेला.
मुलाने पासपोर्ट केला आणि तिच्या देशाला निघून गेला.
ती इथेच राहिली.
पुढे म्हणे पणजीचा कुणी जुन्या वस्तूंचा व्यापारी आला,
दोन माणसांनी उचलली,
टेम्पोत गाद्यांच्या मध्ये आडवी घातली.
मी तेव्हा सासरी, धाकटीच्या वेळची.

आता कुठे असेल? एखाद्या हॉटेलात,
फुलांच्या कुंडीशेजारी.
कुठेही असो, पाठ भिंतीलाच असणार.
आणि आत, डाव्या हाताच्या खोबणीत,
जिथे फडकं पोचत नाही,
माझं अंगुस्तान आहे.
पितळेचं, टोकाला चेपलेलं,
मधल्या बोटाच्या मापाचं.
घाईत राहून गेलं.